म्हाताऱ्या वेलींचे रसायन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराच्या ईशान्येला ईडन व्हॅली हा डोंगराळ भाग आहे. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, एका लहानशा लुथरन चर्चसमोर द्राक्षाच्या काही वेली उभ्या आहेत. त्यांची खोडे पिळवटलेली आहेत, साल सोलून निघते आहे. या वेली १८६० च्या सुमारास लावल्या गेल्या. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी या वेलींना आजही घड लागतात आणि त्यांच्या द्राक्षांपासून जगातील अत्यंत नावाजलेली एक रेड वाइन तयार होते. बागेचे नाव ‘हिल ऑफ ग्रेस’ आणि ती वाइन करणारे कुटुंब हेन्श्की.

‘जुने ते सोने’ ही म्हण वाइनच्या बाबतीत सर्रास वापरली जाते. जुन्या वेलीची द्राक्षे चांगली, जुनी वाइन चांगली आणि जुनी रेड वाइन तर हृदयासाठीही चांगली, असा समजांचा एक पदरच तयार झाला आहे. यातले शास्त्राच्या कसोटीवर किती उतरते? वेलीचे वय, वाइनचे वय आणि पिणाऱ्याचे आरोग्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची उत्तरेही वेगळी आहेत. हिल ऑफ ग्रेसची बाग ही उत्तरे समजून घेण्यासाठी चांगली जागा आहे.

सहा पिढ्यांची बाग

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजाने चर्चच्या उपासनापद्धतीत सक्तीचे बदल केले. ते मान्य नसलेली अनेक लुथरन कुटुंबे देश सोडून दक्षिण ऑस्ट्रेलियात आली. योहान ख्रिश्चन हेन्श्की हे त्यांपैकीच एक. ते १८४१ मध्ये तिथे पोहोचले. पुढे केनटन या गावाजवळ त्यांनी जमीन घेतली आणि घरापुरती वाइन करता करता १८६८ पासून ती विकायला सुरुवात केली. हिल ऑफ ग्रेसच्या सर्वांत जुन्या वेली मात्र निकोलस स्टानिट्झकी या दुसऱ्या स्थलांतरिताने लावलेल्या. बागेचे नाव समोरच्या ‘ग्नाडेनबर्ग’ चर्चवरून आले. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘कृपेची टेकडी’.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियात मुख्यतः पोर्ट आणि शेरीसारख्या, वरून मद्यार्क घातलेल्या गोड वाइन खपत. निरनिराळ्या बागांची द्राक्षे एकत्र करून वाइन करणे हाच रिवाज होता. चौथ्या पिढीतील सिरिल हेन्श्की यांनी वेगळी वाट धरली. माउंट एडलस्टोन या १९१२ मध्ये लावलेल्या बागेतील शिराझ द्राक्षांची वाइन त्यांनी १९५२ पासून स्वतंत्रपणे बाटलीबंद केली. १९५८ मध्ये हिल ऑफ ग्रेसची पहिली वाइन आली. एका बागेची द्राक्षे दुसऱ्या बागेच्या द्राक्षांत मिसळायची नाहीत, हा नियम तेव्हापासून आजतागायत पाळला जातो.

या नियमाची किंमत मोजावी लागते. एखाद्या वर्षी हवामानाने दगा दिला, तर दुसऱ्या बागेतील द्राक्षे घालून तूट भरून काढता येत नाही. २०११ चा हंगाम दक्षिण ऑस्ट्रेलियात अतिशय ओला गेला, बुरशीजन्य रोग बोकाळले. त्या वर्षी हिल ऑफ ग्रेसची वाइन काढलीच गेली नाही. अवघ्या आठेक हेक्टरची बाग, त्यात निम्म्याच भागात शिराझ, आणि त्यातूनही एखादे वर्ष कोरडे जाणार. असा व्यवसाय तिमाहीचा हिशेब पाहणाऱ्यापेक्षा नातवंडांचा विचार करणाऱ्या कुटुंबाला अधिक झेपतो. सध्या पाचव्या पिढीचे स्टीफन हेन्श्की वाइन तयार करण्याचे, तर त्यांच्या पत्नी प्रू बागांचे काम पाहत आल्या आहेत. सहावी पिढीही कामात उतरली आहे.

या वेली वाचल्या कशा?

शिराझ ही जात मूळची फ्रान्सची. तिथे तिला सिराह म्हणतात. इराणमधील शिराझ शहराशी तिचे नाते जोडणारी दंतकथा जुनी आहे, पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीने ती मोडीत काढली. ड्युरेझा आणि माँड्यूज ब्लांश या आग्नेय फ्रान्समधील दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून सिराह जन्माला आली, हे त्यातून सिद्ध झाले. मग फ्रान्समध्ये याहून जुन्या वेली सहज आढळायला हव्यात. प्रत्यक्षात त्या अगदी दुर्मिळ आहेत. त्याचे कारण फायलोक्सेरा नावाचा, मावा किडीच्या कुळातला एक सूक्ष्म कीटक.

हा कीटक मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या जंगली द्राक्षवेली त्याच्यासोबतच उत्क्रांत झाल्या. कीटकाने मुळाला दंश केला, की त्या वेली जखमेभोवती बुचासारखा थर तयार करून नुकसान रोखतात. युरोपीय वेलींना ही विद्या अवगत नव्हती. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर कीटक फ्रान्समध्ये पोहोचला. मुळांवर गाठी आल्या, त्या कुजल्या आणि पुढच्या काही दशकांत बहुतांश फ्रेंच बागा नष्ट झाल्या. अखेर अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करण्याचा उपाय सापडला. आज जगातील बहुतेक द्राक्षबागा अशा कलमांवरच उभ्या आहेत.

ऑस्ट्रेलियात हा कीटक १८७७ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील जिलाँगजवळ आढळला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरून वेली आणण्यावर कडक निर्बंध घातले आणि १८९९ मध्ये खास फायलोक्सेरासाठी कायदा केला. तो प्रांत आजवर या किडीपासून मुक्त राहिला आहे. त्यामुळे हिल ऑफ ग्रेसच्या जुन्या वेली कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपात कीड पोहोचण्याआधी ऑस्ट्रेलियात आलेल्या काड्यांची ती संतती आहे. ज्या वाणांची मूळ झाडे युरोपात नाहीशी झाली, त्यांचे काही नमुने अशा रीतीने दुसऱ्या गोलार्धात टिकून राहिले.

किडीपासून वाचलेल्या या वेलींवर पुढे बाजाराची कुऱ्हाड आली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रेड वाइनच्या द्राक्षांना भाव उरला नव्हता. १९८६ च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात बाग उपटून टाकणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारने पैसे देण्याची योजना आणली. कमी उत्पन्न देणाऱ्या जुन्या शिराझ आणि ग्रनाश वेलींवर तिचा घाला सर्वाधिक पडला. शंभरी गाठलेल्या बागाही त्यात गेल्या. काही कुटुंबांनी आणि वाइन उत्पादकांनी आपल्या वेली राखल्या, म्हणून आज त्या पाहायला मिळतात. या धड्यानंतर, २००९ मध्ये, बरोसा परिसरातील उत्पादकांनी जुन्या वेलींची वयानुसार वर्गवारी जाहीर केली. ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे असे त्याचे चार टप्पे आहेत. सर्वांत वरच्या टप्प्यातील वेलींना तिथे ‘पूर्वज’ म्हणतात.

वय वाढले की द्राक्ष सुधारते?

जुन्या वेलीला कमी घड लागतात, म्हणून त्यातला रस अधिक दाट असतो. तिची मुळे खोल जातात, म्हणून तिला जमिनीचा ‘अर्क’ मिळतो, असे सांगितले जाते. यातील काही भाग खरा आहे, काही अर्धवट आणि काही निव्वळ ऐकीव.

आधी खरे काय ते पाहू. द्राक्षवेल थंडीत पाने गाळून झोपी जाते. वसंतात डोळे फुटतात तेव्हा नवी पाने अन्न तयार करू लागेपर्यंत तिला साठवलेल्या पिष्टमय पदार्थांवर जगावे लागते. हा साठा खोडात आणि मुळांत असतो. जाड खोड आणि पसरलेली मुळे असणाऱ्या वेलीकडे ही शिल्लक मोठी असते. एखादे वर्ष कोरडे किंवा फार उष्ण गेले, तरी ती तरुण वेलीइतकी डगमगत नाही. हिल ऑफ ग्रेसची बाग पावसाच्या पाण्यावर वाढते. वरचा थर वाळूमिश्रित पोयट्याचा आणि खाली ओल धरून ठेवणारी चिकणमाती, अशी तिथली जमीन आहे. अशा जमिनीत रुजलेली वेल पाण्याचा ताण हळूहळू सोसते. चांगल्या रेड वाइनच्या द्राक्षासाठी असा सौम्य ताण उपयोगीच पडतो. मणी लहान राहतात. रंग आणि तुरटपणा सालीत असल्यामुळे रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण वाढते.

मुळे मात्र वयाबरोबर कायम खोलच जात राहतात, असे नाही. किती खोल जायचे हे बहुतांशी जमीन ठरवते आणि मुळांचा मुख्य विस्तार वेलीच्या पहिल्या काही वर्षांतच होतो. कमी उत्पन्नाचे कारणही केवळ वय नसते. विषाणू, खोडातील बुरशी आणि मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा यांचा त्यात मोठा वाटा असतो. अ‍ॅडलेड विद्यापीठातील संशोधकांनी बरोसातील तरुण आणि जुन्या शिराझ वेलींची शेजारी शेजारी तुलना केली, तेव्हा निरोगी जुन्या वेली उत्पन्नात मागे पडलेल्या दिसल्या नाहीत. जर्मनीतील गायझेनहाइम या संस्थेत एकाच ठिकाणी १९७१, १९९५ आणि २०१२ मध्ये लावलेल्या रीसलिंग वेलींचा अभ्यास झाला. स्टीफन आणि प्रू हेन्श्की यांनी १९७० च्या दशकात याच संस्थेत शिक्षण घेतले होते. त्या अभ्यासात सगळ्यांत तरुण वेली सुरुवातीला वेगळ्या वागल्या, पण मधल्या आणि जुन्या वेलींत ठळक फरक दिसला नाही.

इथे संख्याशास्त्रातला एक सापळाही लक्षात घ्यायला हवा. दीडशे वर्षांत वाईट जागेवरच्या, रोगट, बेचव द्राक्षे देणाऱ्या बागा केव्हाच उपटल्या गेल्या. ज्या उरल्या त्या मुळातच चांगल्या होत्या. त्यामुळे ‘जुनी आहे म्हणून चांगली’ याऐवजी ‘चांगली होती म्हणून जुनी झाली’ असे म्हणणे अनेकदा अधिक बरोबर ठरते. शिवाय अशा बागेतील घड हाताने खुडले जातात, निगुतीने आंबवले जातात, उत्तम लाकडी पिंपात मुरतात. चवीतला किती वाटा वयाचा आणि किती निगेचा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

काडी निवडण्याचे शास्त्र

जुन्या वेलींचे सर्वांत निर्विवाद मोल त्यांच्या जनुकांत आहे. द्राक्ष बीपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात. त्यामुळे जगातील प्रत्येक शिराझ वेल ही एकाच आदिम रोपाचा तुकडा आहे. पेशी विभागताना मात्र जनुकांत बारीकसारीक चुका होत राहतात. शेकडो वर्षांत या चुका साठतात आणि एकाच जातीत सूक्ष्म फरक निर्माण होतात. एखादीचा घड मोकळा, एखादीचा मणी लहान, एखादी आधी पिकणारी. आधुनिक रोपवाटिकेतून आणलेल्या बागेत बहुधा एकाच निवडीच्या हजारो प्रती असतात. १८६० च्या बागेत विविधता शिल्लक असते.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट नवी नाही. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखाद्या वेलीवर वेगळे घड दिसले, ते एखाद्या चाणाक्ष शेतकऱ्याच्या नजरेने टिपले आणि त्या काड्या लावून नवा वाण तयार झाला. सांगली जिल्ह्यातला तास-ए-गणेश, सोलापूरकडचे सोनाका आणि माणिक चमन हे असेच निवडीतून आलेले वाण आहेत. प्रू हेन्श्की यांनी १९८० च्या दशकात हेच काम हिल ऑफ ग्रेसमध्ये पद्धतशीरपणे सुरू केले. जुन्या वेलींतील प्रत्येकीच्या नोंदी ठेवायच्या, वर्षानुवर्षे उत्तम वागणाऱ्या निरोगी वेली निवडायच्या, त्यांच्या काड्या घ्यायच्या आणि नव्या ओळी लावायच्या. मूळ वेली कधी तरी जाणारच. त्यांचे वाण मात्र त्याच मातीत पुढे चालू राहील, ही त्यामागची तजवीज आहे.

या वेलींना खरा धोका खोडातल्या बुरशीचा आहे. युटायपा नावाची बुरशी छाटणीच्या जखमेतून आत शिरते आणि लाकूड हळूहळू पोखरते. वर्षानुवर्षे छाटली गेलेली वेल म्हणजे शेकडो जुन्या जखमांचे ओझे. त्यामुळे छाटणी कोरड्या हवेत करणे, जखमा झाकणे, रोगट भाग निरोगी लाकडापर्यंत कापून खालून नवा फुटवा घेणे, अशी निगा राखावी लागते. दोन ओळींत स्थानिक गवत वाढवणे आणि खोडाशी काडाचे आच्छादन घालणे या उपायांनी जमिनीतली ओल आणि सेंद्रिय अंश टिकवला जातो.

आपल्याकडे द्राक्षबाग इतकी वर्षे का टिकत नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. मुख्य कारण हवामानाचे. नाशिक-सांगलीच्या उष्ण हवेत वेलीला थंडीची खरी झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी ती वर्षातून दोनदा छाटावी लागते. साठवणीतला साठा पुन्हा पुन्हा खर्च होतो आणि वेल लवकर थकते. क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून डॉगरिजसारख्या खुंटावर कलमे केली जातात. इथे दीडशे वर्षांच्या वेलीची अपेक्षा धरणे योग्य नाही. चांगल्या वेलीची नोंद ठेवून तिच्याच काड्या पुढे नेण्याची शिस्त मात्र इथेही तितकीच उपयोगी आहे.

मिरीचा वास आणि लव्हाळा

थंड भागातील शिराझला काळ्या मिरीचा वास येतो, असे वाइन चाखणारे फार पूर्वीपासून सांगत होते. तो नेमका कशाचा, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रोटंडोन नावाचे संयुग शिराझच्या सालीत असते आणि खुद्द काळ्या मिरीतही तेच वासाला कारणीभूत असते. एक लिटर रेड वाइनमध्ये ग्रॅमच्या अब्जांश भागांतले अवघे सोळा भाग असले, तरी ते नाकाला जाणवते. गंमत म्हणजे, चाचणीतल्या जवळपास पाचपैकी एकाला हा वास कितीही वाढवला तरी आलाच नाही. एकाच पेल्याबद्दल दोन माणसांचे मत जुळत नाही, यात दर वेळी दिखाऊपणा असतोच असे नाही. कधी कधी नाकेच वेगळी असतात.

रोटंडोन हे नावही ओळखीच्या ठिकाणाहून आले आहे. हे संयुग प्रथम ‘सायपेरस रोटंडस’ या वनस्पतीच्या गाठींत सापडले होते. आपले शेतकरी जिला लव्हाळा म्हणतात आणि खुरपून खुरपून थकतात, तीच ही वनस्पती. दिवाळीच्या उटण्यातला सुवासिक नागरमोथाही याच कुळातला.

बाटलीत काय घडते?

घड खुडल्यावर हेन्श्कींच्या कोठारात द्राक्षे उघड्या तोंडाच्या जुन्या सिमेंटच्या टाक्यांत आंबवली जातात. मग वाइन ओकच्या पिंपांत दीड वर्षाहून अधिक काळ मुरते आणि त्यानंतरही बाटलीत विसावते. हंगामानंतर सुमारे पाच वर्षांनी ती बाजारात येते. पुढे ती कित्येक वर्षे, काही वेळा दशके, बदलत राहते.

कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते. हा तुरटपणा टॅनिन या रेणूंचा. ते लाळेतील प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे वाटते. कोवळ्या रेड वाइनमध्ये टॅनिन भरपूर असते. रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्येही असतात, पण ती एकेकटी फार काळ टिकत नाहीत. काळ जातो तशी ती टॅनिनशी जोडली जातात आणि अधिक टिकाऊ रंगद्रव्ये तयार होतात. अत्यल्प प्राणवायू या जोडणीला मदत करतो. जांभळा रंग हळूहळू विटकरी होतो. काही रेणू इतके मोठे होतात, की विरघळलेले राहू शकत नाहीत. ते तळाशी साक्याच्या रूपाने बसतात. हा साका अपायकारक नसतो, पण तोंडाला कचकच लागतो. म्हणून जुनी बाटली दिवसभर उभी ठेवून मग सावकाश ओततात. टॅनिनचे रेणू एकीकडे जोडले जातात, तसे आम्लामुळे तुटतही असतात. या दोन्हींचा मिळून परिणाम म्हणजे मवाळ झालेली चव.

वासही बदलतो. ताज्या फळाचा वास देणारी एस्टर संयुगे पाण्याच्या संपर्कात विघटित होतात. सुके फळ, चामडे, ओली माती अशा छटा पुढे येतात.

सगळ्याच वाइन अशा मुरत नाहीत. दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात आणि ठेवल्या तर बिघडतात. मुरण्यासाठी टॅनिन पुरेसे हवे, आम्लता चांगली हवी आणि प्राणवायू फार बेताचा हवा. ईडन व्हॅलीच्या थंड रात्री द्राक्षातली आम्लता राखतात. आम्लता असली, की जंतुरोधक म्हणून घातलेला थोडासा सल्फर डायऑक्साइडही अधिक परिणामकारक ठरतो. बुचाचे महत्त्वही इथेच येते. नैसर्गिक कॉर्क प्रत्येक बाटलीत सारखाच प्राणवायू आत सोडेल याची खात्री नसते. शिवाय काही कॉर्कमध्ये ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल हे कुबट वासाचे संयुग असते. वीस वर्षे सांभाळलेली बाटली त्यापायी वाया जाऊ शकते. म्हणून हेन्श्कींनी फिरकीच्या आणि काचेच्या बुचांचा मार्ग पत्करला.

तापमान वाढले, की या सगळ्या क्रिया वेगाने आणि वेगळ्या दिशेने होतात. १२ ते १५ अंश सेल्सिअस, अंधार आणि स्थिरता ही मुरण्याची योग्य परिस्थिती. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटावर ठेवलेली भेटीची बाटली मुरत नाही, शिजते.

आणि आरोग्य?

रेड वाइन हृदयासाठी चांगली, हा समज १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभर पसरला. लोणी-चीज खाणाऱ्या फ्रेंचांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाइनकडे बोट दाखवले गेले. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला आणि वाइनचा खप वाढला. पुढे या निष्कर्षातल्या उणिवा स्पष्ट झाल्या. अनेक पाहण्यांत ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. साहजिकच न पिणाऱ्यांचा गट अधिक आजारी दिसला. बेताने वाइन पिणारे बहुधा अधिक सुस्थितीतले, चांगला आहार घेणारे असतात, हाही फरक नीट वगळला गेला नव्हता.

रेस्व्हेराट्रॉल या घटकाचा मोठा गाजावाजा झाला. बुरशीपासून बचाव करण्यासाठी द्राक्षाच्या सालीत तयार होणारे हे संयुग एक लिटर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. उंदरांवरील प्रयोगांत परिणाम दिसले ते याच्या कितीतरी पट मात्रेला. तेवढे वाइनमधून मिळवायचे, तर त्याआधी मद्यार्कानेच जीव घेतला असता.

मद्यार्काचा हिशेब सोपा आहे. १४ टक्के मद्यार्क असलेल्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ८३ ग्रॅम अल्कोहोल असते. वीस वर्षे मुरल्याने ते कमी होत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातील कर्ककारकांत टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. साधी देशी दारू असो की शंभर वर्षांच्या वेलीची वाइन, यकृताला त्यातला इथेनॉलच दिसतो.

जे पीत नाहीत त्यांनी हृदयासाठी सुरुवात करावी, असे काहीही वाइनमध्ये नाही. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि झोपेची, मधुमेहाची किंवा इतर नियमित औषधे घेणारे यांनी तर दूरच राहावे. अँथोसायनिन हवी असतील तर काळी द्राक्षे आणि जांभळे पुरेशी आहेत. जे पितात, त्यांनी ती चव म्हणून थोडी आणि क्वचित घ्यावी, औषध म्हणून नव्हे.

वेलीच्या वयाला अर्थ आहे, पण तो जपणुकीचा आहे. वाइनच्या वयाला अर्थ आहे, पण तो मोजक्याच बाटल्यांपुरता आणि चवीपुरता आहे. शरीरासाठी त्या वयाचा काहीही उपयोग नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा आजही पोहोचलेला नाही, पण शेजारच्या प्रांतात तो आहे आणि बुटांना लागलेल्या मातीतूनही तो पसरू शकतो. म्हणून तिथल्या बागांमध्ये पाहुण्यांना ओळींमध्ये शिरू देत नाहीत, आणि शिरायचेच झाले तर आधी पादत्राणे निर्जंतुक करावी लागतात. हवामान तापते आहे, पाऊस बेभरवशाचा होतो आहे. १८६० च्या वेलींच्या काड्यांपासून १९८० च्या दशकात लावलेल्या ओळी आता चाळिशीकडे आल्या आहेत. त्या शंभरीला पोहोचतील की नाही, हे हेन्श्कींच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या हातात आहे.